उन्हाकडे पाठ

देवपूरच्या घरामागे लिलाबाईंनी सूर्यफुलाची बारा झाडं हौसेनं वाढवली होती. रोज सकाळी हाताला मलमल गुंडाळून त्या एकेका फुलावरून तळवा फिरवायच्या, म्हणजे दाणा चांगला भरतो. सून प्राची तेव्हा दीड महिन्याच्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसायची.

त्या सकाळी बाराही फुलं उन्हाकडे पाठ करून उभी होती. तोंडं घराकडे, झोपायच्या खोलीच्या खिडकीकडे.

"मम्मी, तुम्ही वळवली का?"

"पूर्ण उमललेलं फूल मान वळवत नाही गं. ते पूर्वेलाच राहतं." लिलाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "घरमा कोन शे?"

"कोणीच नाही. हे सोनगीरला गेलेत."

वारा पडलेला होता. तरी देठ करकरले आणि बाराही फुलं हळूहळू स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळली. तिथे थोडी थांबली. मग मागच्या दाराकडे वळली.

दार उघडंच होतं. उंबऱ्यात कोणी नव्हतं.

फुलं वळतच राहिली. पायरीकडे, मग अंगणाकडे, मग प्राचीच्या पाठीमागे. तिथे थांबून फुलं जराशी खाली वाकली.

लिलाबाईंनी बाळाला हिसकून घेतलं, छातीशी धरलं आणि फाटकाकडे धावल्या. सवयीनं एक हात त्याच्या मानेमागे गेला, कारण त्यानं अजून मान धरली नव्हती.

हाताला भार लागला नाही. बाळानं मान ताठ धरली होती. ते त्यांच्या खांद्यावरून मागे एकटक बघत होतं, आणि त्याची नजर हळूहळू जवळ येत होती.