हळिवाचा डबा

फणीत आलेला गुंता मथुरा बोटाभोवती गुंडाळत होती, तेवढ्यात सुगंधा न्हाऊन मोरीतून बाहेर आली. तिनं ओले केस झटकले. थेंब उडाले ते नेमके मथुरेच्या तोंडावर.

"बाई गं, दिसलंच नाही, वहिनी."

"दिसेल कसं? एवढं जंगल आलंय डोळ्यांवर," मथुरा म्हणाली आणि गुंता मुठीत लपवला.

बोरीवलीच्या त्या चाळीत एके काळी केस म्हटले की थोरल्या सुनेचंच नाव निघायचं. मग पावसाळ्यात मथुरेला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण भूक गेली ती गेलीच. चहा आणि खारी यांवर बाई दिवस ढकलू लागली. दिवाळीच्या सुमारास केस गळायला लागले, ते मुठीमुठीनं. भांग इतका रुंद झाला की बाहेर पडताना नवरा, रामनाथ, हळूच म्हणायचा, "पदर घे गं डोक्यावरून." ते तिला फार लागायचं. वैशाखात घाटकोपरला धाकट्या बहिणीचं लग्न होतं. माहेरचं सगळं गोत जमणार, आणि शेजारी ही धाकटी जाऊ, सुगंधा, कमरेखाली लोंबणारी वेणी मिरवत उभी राहणार! नुसत्या विचारानंच मथुरेचा जीव जळायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"रक्तच नाही अंगात. तेलं कसली चोपडता? आधी खा. हळीव, गूळ, खजूर, पालेभाजी, अंडी. अंगात रक्त आलं की केसही येतील."

सोबतीला सुगंधा होती. ती शहाण्यासारखी मान डोलावत होती, हे मथुरेला मुळीच आवडलं नाही.

त्याच संध्याकाळी सुगंधानं अंड्याचा रस्सा वाढून आणला. "गरम आहे तोवर खा, वहिनी."

"तुझी दया नको मला."

मथुरेनं वाटी मांजरापुढे सरकवली. मग खजूर आला, तो तिनं शेजारणीला देऊन टाकला. माठाची भाजी तशीच पडून राहिली. शेवटी सुगंधानं काही आणायचंच बंद केलं. बरी जिरली, मथुरेला वाटलं.

पुढे एका दुपारी घरभर गूळ-खोबरं शिजल्याचा वास सुटला. सुगंधा लाडू वळत बसली होती. मथुरेची चाहूल लागताच तिनं घाईघाईनं डब्याला झाकण लावलं.

"कुणासाठी गं?"

"माझ्यासाठीच. हळिवाचे आहेत. आमच्या माहेरी केसांसाठी खातात." मग जरा थांबून म्हणाली, "थोडेच झालेत हो."

थोडेच झालेत! मथुरेच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे डॉक्टरीण बोलली ते खरंच होतं तर. आणि ही महामाया गुपचूप आपल्याच जंगलाला खत घालत होती!

सुगंधा रॉकेलच्या रांगेत गेल्याबरोबर मथुरेनं स्वयंपाकघर पालथं घातलं. डबा तांदळाच्या पिंपामागे सापडला. एरवी घास तिच्या घशाखाली उतरत नसे, पण तो लाडू कसा गेला ते तिलाच कळलं नाही. जिभेवर गोडी होती, आणि त्याहून जास्त मनात.

पुन्हा हात घालायला गेली तर डबा जागेवर नव्हता. तो पोटमाळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांमागे निघाला. नंतर ट्रंकेत, गोधड्यांच्या खाली. किती हा कद्रूपणा! मथुरा मनातल्या मनात शिव्या घालायची आणि शोधायची. डबा सापडला की तिला लढाई जिंकल्यासारखं वाटायचं.

"या घरात काही म्हणून टिकत नाही," सुगंधा कुरकुरायची.

"उंदीर झालेत फार," मथुरा गंभीरपणे म्हणायची.

डब्यात कधी शेंगदाण्याची चिक्की असे, कधी खजूर, कधी चक्क उकडलेली अंडी. सगळं एकटीनं चापायचा बेत दिसत होता बयेचा! मथुरा त्यातलं निम्मंअधिक हाणायची. हळूहळू तिच्या तोंडाला चव आली. जेवताना ती आणखी एक भाकरी मागून घेऊ लागली. शिमग्याच्या सुमारास फणी बरीचशी मोकळी निघायला लागली आणि कपाळाच्या कडेनं कोवळी लव उभी राहिली.

आरशात ती लव पाहून झाली की मथुरा चोरून सुगंधाच्या डोक्याकडे बघायची. तिच्या वाट्याचं आपण खातोय, आता तिचा शेपटा बारीक व्हायला हवा. पण तो काही होईना. एवढं एक सोडलं तर मथुरा खूश होती.

घाटकोपरच्या लग्नघरात मथुरेनं पदर डोक्यावरून काढला आणि अंबाडा घातला. अंबाडा पूर्वीसारखा नव्हता, पण अबोलीची वेणी त्यावर ठरत होती. "आजारातून उठलीस असं वाटत नाही हो," मावशी म्हणाली. रामनाथनं दारातून पाहिलं आणि हसला. मथुरेचा ऊर भरून आला.

वेणी माळायला मात्र मागे सुगंधाच उभी होती, ओठांत आकडे धरून. आता मथुरेला राहवेना. आज हिचं तोंड पडलेलं बघायचंच.

"एक सांगू, सुगंधा? तुझा डबा उंदरांनी नाही संपवला. मी संपवला. तू लपवलास तिथून तिथून हुडकून काढला. तुझ्या केसांचं खाणं मी खाल्लं."

आरशातला सुगंधाचा चेहरा पडला नाही. तिनं ओठांतला एक आकडा काढला, वेणीत नीट खोवला.

"मला तर हळिवाचा वासही सोसत नाही, वहिनी," ती म्हणाली. "पण ते लाडू सहज सापडले असते, तर तुम्ही खाल्ले नसते."