जोखीम, पान एक्केचाळीस

“दोन दिवस कळ काढा,” मोठे साहेब म्हणाले. “दोनच.”

मिरचीने हातातला तपासणीचा अहवाल टेबलावर आपटला. चहाचा कप बशीत नाचला. औषध कंपनीच्या तपासणी विभागाची ती प्रमुख. मिरची हे नाव हाताखालच्या लोकांनी ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. आकडी येणाऱ्या मुलांसाठीचं सिरप तिनेच तपासलं होतं. एकदा नाही, तीनदा. बाटलीवर मुदत दोन वर्षांची, आणि चौदाव्या महिन्यातच औषधाची ताकद तीस टक्क्यांनी उतरलेली. आई चमचा काठोकाठ भरून पाजणार, पण पोराच्या पोटात औषध जाणार ते अपुरंच.

माल बाजारातून परत मागवायला हवा होता. पण कंपनीचा शेअर वर्षभर गाळात रुतला होता. शेअर बाजाराने शेवटची ताकीद दिली होती. भाव सलग दहा दिवस ठरलेल्या रेषेच्या वर बंद झाला पाहिजे, नाहीतर यादीतून नाव कापलं जाईल. आज आठवा दिवस होता. भाव रेषेच्या वर जेमतेम नाक काढून होता. सिरपची बातमी फुटली की तो बुडालाच म्हणायचा.

“नाव कापलं की बँका दारात येतील,” साहेब म्हणाले. “नऊशे जणांचे पगार आहेत. तुमच्या चौदा जणांचेही. आणि आपण लपवलंय कुठे? भागधारकांच्या अहवालात छापलंय की.”

त्यांनी जाडजूड अहवाल उघडून तिच्यापुढे सरकवला. पान एक्केचाळीस. ‘काही औषधांची ताकद मुदतीपूर्वी कमी होण्याची जोखीम संभवते.’ वरच्या ओळीत भूकंप होता, खालच्या ओळीत कामगारांचा संप. मधे हे सिरप चेंगरून बसवलं होतं, वाचणाऱ्याची झोप मोडू नये अशा बेताने.

“भागधारकांना सांगितलंत,” मिरची म्हणाली. “सिरप काय भागधारक पितात? लाज नाही वाटत तुम्हाला? आठ दिवसांत चार पत्रं लिहिली मी. एकाचं उत्तर नाही!”

आता साहेबांचाही पारा चढला. “पत्रं कसली लिहिता? माल परत मागवायचा आदेश तुमच्या एकटीच्या सहीने निघतो. नियमच आहे तसा. माझी परवानगी लागतच नाही. मग काढला का नाहीत?”

नियम तिला पाठ होता. दरवर्षी नव्याने लागलेल्या मुलामुलींना तीच तो शिकवायची. पण तिला हवं होतं की साहेबांनी हो म्हणावं, म्हणजे उद्या कंपनी बुडाली तर खापर त्यांच्या डोक्यावर फुटेल. साप मरावा आणि काठीही मोडू नये. चार पत्रांच्या प्रती तिने किती जपून ठेवल्या होत्या!

“आणि हे कुणाचं?” साहेबांनी खणातून एक कागद काढला.

कुणा आईची तक्रार होती. पोरीला सात महिने एकही आकडी आली नव्हती, आणि या महिन्यात तीन आल्या. औषध तर रोज वेळेवर देते, असं तिने लिहिलं होतं. खाली कंपनीचं उत्तर जोडलेलं. ‘औषधात दोष आढळलेला नाही. डोस चुकत नसल्याची खात्री करावी.’ त्याखाली मिरचीची सही होती. तारीख तिसऱ्या तपासणीच्या दुसऱ्या दिवसाची.

अशी उत्तरं छापून तयारच असत. दर मंगळवारी कारकून तीस-चाळीस कागदांचा गठ्ठा आणून ठेवायचा. त्या मंगळवारी ती कानाला फोन लावून कुणाशी तरी याच सिरपवरून भांडत होती. भांडता भांडता तिने सगळ्यांवर सह्या ठोकल्या होत्या.

“आपण एकाच माळेचे मणी, मॅडम,” साहेब आता मऊ आवाजात म्हणाले. “बसा. चहा घ्या.”

ती बसली नाही. साहेबांचा राग आलेलाच होता, पण आता स्वतःचाही आला आणि तो जास्त झोंबला. तक्रारीचा कागद उचलून ती जिना उतरली. प्रयोगशाळेत जाऊन तिने आदेशाचा फॉर्म भरला, सही केली आणि औषध खात्याला, सगळ्या वितरकांना धाडून दिला. अकरा मिनिटं लागली. टेबलावरचा फोन वाजत राहिला. साहेबच असणार. तिने रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि स्वतःच्या मोबाइलवरून तक्रारीवरचा नंबर फिरवला.

“मी औषध कंपनीतून बोलतेय. सिरप एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना दाखवा आणि ते देतील ते दुसरं औषध घ्या. दोष औषधात होता. तुमचा एकही डोस चुकला नव्हता. ते उत्तर मीच पाठवलं होतं. माझी चूक झाली.”

मिरची शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. खाव्याच लागणार होत्या.

“थांबा,” ती बाई म्हणाली. “फोन स्पीकरवर टाकते. तुमचं पत्र आल्यापासून सासूबाई मला पोरीच्या औषधाला हात लावू देत नाहीत. आता जे बोललात ना, ते त्यांच्यासमोर पुन्हा बोला.”