ऑर्लनच्या दाढीचं विरजण

"मासा आणलास आणि दाढी विसरलास?" सॉल्विग प्रयोगशाळेच्या थंड खोलीच्या दारातच ओरडली.

ऑर्लनने डुलुथहून आणलेली धुरावलेल्या माशाची पुडी टेबलावर ठेवली आणि हनुवटीवरून हात फिरवला. दाढीच्या जागी गुलाबी, गोंधळलेली कातडी होती.

"विसरलो नाही. काढली."

"फोनवर मी काय म्हणाले होते? दाढी घेऊन ये म्हणाले होते!"

"मी आलो ना."

"तुला कोण विचारतंय?"

मॅडिसन शहरातल्या आमच्या विद्यापीठाच्या इमारतीत ही दाढी चेष्टेचा विषय नव्हती. दुधाला विरजण लागतं तसा स्फटिक धरायला एखादा कण लागतो, आणि ऑर्लनच्या दाढीत जगातल्या यच्चयावत स्फटिकांचं विरजण होतं. तो नुसता जवळून गेला तरी भांड्यांत खडे धरायचे. कँटीनमध्ये त्याच्या टेबलावरच्या मीठदाणीतून कधी मीठ पडलं नाही. थंडीच्या तोंडावर तो काठाने फिरायला गेला की तळं आठवडाभर आधीच गोठायचं. हे मी स्वतः पाहिलंय, आणि मी खोटं बोलत असेन तर त्या तळ्यातला मासा जन्मात माझ्या गळाला न लागो. पुढे बिअरच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून तो उत्तरेला डुलुथला गेला, आणि स्फटिक धरायला सॉल्विगने लावलेले प्रथिनाचे थेंब पाण्यासारखे पातळ राहिले ते राहिलेच, असं ती सांगायची.

सॉल्विगचं आयुष्य शिंगवाल्या सशापायी गेलं. त्याची मुंडकी आमच्याकडे गुत्त्यागुत्त्याच्या भिंतीवर टांगलेली असतात आणि त्यातली निम्मी खोटी असतात. खऱ्यांवरही शिंगं नसतातच; एका विषाणूने उठवलेल्या चामखिळी असतात. त्या विषाणूचं एक प्रथिन डीएनएच्या लांबलचक दोरीवर नेमकी आपली जागा शोधतं, तिथे घट्ट बसतं, आणि विषाणूचा कुठला कारभार चालू ठेवायचा नि कुठला बंद, ते ठरवतं. जागा ओळखतं कशी, एवढाच तिचा प्रश्न. त्या जागेच्या दोन्ही टोकांची रासायनिक अक्षरं ते चाचपतं. मधल्या चार अक्षरांना शिवतसुद्धा नाही. पण ती चार बदलली, की पकड ढिली. शिवलंच नाही, तर कळलं कसं? प्रथिनाने डीएनए धरलेला असतानाचा स्फटिक मिळाला आणि क्ष-किरणांखाली ठेवला, तरच ते दिसणार.

ऑर्लनचा प्रश्न वेगळा होता. इतकी वर्षं दोघांनी दर शुक्रवारी एका टेबलावर तळलेला मासा खाल्ला. बर्फापासून प्रथिनापर्यंत सगळं बोलून झालं. मधल्या एका गोष्टीला मात्र कुणी शिवलं नाही. डुलुथला तो रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसायचा. अखेर फोन वाजला, तर बाईला दाढी हवी होती! म्हणून बस धरण्याआधी त्याने वस्तरा धरला. दाढीवाचून तिने ठेवून घेतलं तर घेतलं. नाहीतर परतीची बस होतीच.

"आता या थेंबांचं काय करू?" सॉल्विगने काचेचं तबक सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. "सकाळी खास तुझ्यासाठी लावलेत. तुझ्या हनुवटीने काय डोंबल होणार?"

"हनुवटी झटकून बघू?"

"जा बाबा तू परत!"

म्हणजे दाढीच हवी होती. ऑर्लनने टोपी घातली. दारापाशी जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "त्या मधल्या चार अक्षरांचं काय झालं गं?"

आणि सॉल्विगचा राग कुठल्या कुठे गेला. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत तिला हा प्रश्न विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिने गळ्यातला मफलर सोडला आणि दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली.

"धर. हा डीएनए, तू प्रथिन. तेही जोडीने बसतं बरं का, दोन अर्धी मिळून, तुझ्या दोन हातांसारखं. टोकं पकडलीस? मध्ये हात लावायचा नाही. आता टोकं आपल्याकडे ओढ. बघ, कसा वाकला! ती चार अक्षरं ते वाचतच नाही रे. ती किती सहज वाकतात, तेवढंच त्याला कळतं. परकी अक्षरं असली की दोरी ताठ, टोकं हाताला लागत नाहीत. आपल्या जागेवर मात्र ती आपण होऊन आत कलते, आणि तो बाक इतका देखणा आहे, ऑर्लन, की मी दोन दिवस..."

"सॉल्विग," तो म्हणाला, "तुला हे दिसलं कुठे?"

खोली गार करणारं यंत्र घरघरत राहिलं.

ऑर्लनने मफलर तिच्या खांद्यावर टाकला आणि भिंगाला डोळा लावला. थेंबावर जाड सायीसारखा पापुद्रा होता. सकाळच्या थेंबावर तो धरत नाही. त्याला महिने लागतात. पापुद्र्याखाली काचेच्या लांबट विटांसारखे स्फटिक एकमेकांना खेटून चमकत होते. मध्ये एका विटेची जागा रिकामी होती. ती कुणीतरी कधीच उचलून क्ष-किरणांखाली नेली होती.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मागे सॉल्विग माशाच्या पुडीची दोरी सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"काहीच धरलेलं नाही," शेवटी तो म्हणाला. "दाढी वाढवावी लागेल."

"किती दिवस लागतील?"

"या वयात? फार हळू वाढते गं."

"सावकाशच वाढू दे," सॉल्विग म्हणाली.