पुलापलीकडची शाळा

"जवळची शाळा घे म्हणतोय ना मी!" ठकूच्या बाबांनी कप इतक्या जोरात ठेवला, की बशीत चहा हिंदकळला.

ठकूच्या आईने फडकं पुढे सरकवलं. "जवळ असणं हा शाळेचा गुण झाला का?"

"अकरा वर्षांच्या पोरीसाठी झालाच. शाळा सुटली की पाच मिनिटांत घरी. वाचनालय बघितलंस? तिथल्या बाई तर एकेका मुलाला नावानिशी ओळखतात. नावं ठेवायला जागा नाही." ते उठले. एक कपाट उघडलं, मग दुसरं. "साखर कुठे ठेवतेस?"

"खालच्या फडताळात. दरवेळी काय विचारतोस? आणि मी कुठे नावं ठेवतेय त्या शाळेला?"

तीच तर पंचाईत होती. दोन्हीतली एक शाळा जरा डावी असती, तर प्रश्नच मिटला असता. पण एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, अशा दोन्ही तोलामोलाच्या. महिनाभर त्यांचं हेच गुऱ्हाळ चाललं होतं.

ठकूची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांपुढे भिंगं बदलत विचारायची, "आता बरं दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" लोक पटकन सांगून मोकळे व्हायचे. शाळांच्या बाबतीत तिलाही पटकन दिसलं होतं. कबूल करायला वेळ लागला, इतकंच.

पुलापलीकडची शाळा बघायला ती आणि ठकू दोघीच गेल्या होत्या. ठकू हल्ली फारशी बोलत नसे. विचारलं तर उत्तर, नाहीतर आपली गप्प. वर्गशिक्षिका म्हणायच्या, "गुणी आहे हो, जरासुद्धा त्रास नाही." आईला मात्र घर डोक्यावर घेणारी ठकू आठवायची.

त्या शाळेच्या कार्यशाळेत टेबलावर एक जुना पंप खोलून ठेवला होता. सर मुलांना समजावत होते. ठकू आधी दाराशी उभी राहिली, मग टेबलाशी, आणि आईचं लक्ष गेलं तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या.

"सर, ही झडप बंदच झाली नाही तर?"

"पाणी आलं तसं मागे जाईल."

"मग बंद कधी व्हायचं, हे तिला कळतं कसं?"

सरांनी हातातला पाना तिच्यापुढे धरला. "मलाही नीट सांगता येईलसं वाटत नाही. चल, उघडूनच बघू."

ठकू हसली. किती दिवसांनी! परतताना बसमध्ये तिची टकळी थांबेना. पंप, झडपा, सरांच्या बोटाला बांधलेली पट्टी. आई "हो का?" म्हणत खिडकीबाहेर बघत राहिली.

"दोन बस बदलाव्या लागतात," बाबा साखर ढवळत म्हणाले. "तास-सव्वा तास जायला, तितकाच यायला. पोरीचा पिट्टा पडेल."

"त्याची सोय करू."

त्यांचा चमचा थांबला. "सोय म्हणजे काय, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आणि माझी पाळी संध्याकाळची असते."

"मागून घे सकाळची. छापखाना काही तुझ्यावाचून बंद पडत नाही."

"घेईनही. प्रश्न तो नाही गं." त्यांनी कप बाजूला सारला. "मी माझ्यासाठी बोलत नाहीये."

"मीही नाही."

 चहा तसाच टाकून ते कामावर गेले.

मोठ्या बहिणीने तर फोनवरच ठकूच्या आईला फैलावर घेतलं. "डोकं फिरलंय का तुझं? चांगली घराजवळची शाळा मिळतेय. पोरगी डोळ्यांसमोर राहील."

"डोळ्यांसमोर ठेवायला ती काय फुलदाणी आहे, ताई?"

फोन ठेवल्यावर पोरीला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं तिने मनाशी घोकलं.

ठकू गच्चीवर कपडे काढत होती. आईने दोरीचं दुसरं टोक गाठलं.

"तुला कुठली आवडली गं?"

ठकूने आधी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. "जवळची."

"का?"

"जवळ आहे म्हणून."

आईने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघींनी चादर ताणली, दुमडली, पुन्हा दुमडली. "आणि दोन्ही शाळा आपल्याच गल्लीत असत्या तर?"

ठकू चादरीची कड सारखी करू लागली.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"पुलापलीकडची." आणि लगेच म्हणाली, "पण तू रागावणार असशील तर नको."

"रागावेन कशाला, वेडाबाई?" आईने चादर तिच्या डोक्यावर टाकली. आतून ठकू खिदळली. ती बाहेर येईपर्यंत आईने पदराने डोळे टिपून घेतले.

तिने त्याच दिवशी छापखान्यात फोन लावला. "पुलापलीकडची," एवढंच म्हणाली.

पलीकडे यंत्रांची धडधड चालू होती.

"नक्की?"

"तिने स्वतः सांगितलं. तू हरलास."

"हो," ते हळूच म्हणाले. "पाळीचं बोलून घेतो."

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आईने गणवेशाला इस्त्री केली, डब्याच्या झाकणावर ठकूचं नाव घातलं, सॉक्सच्या जोड्या लावल्या. ठकू सकाळपासून नाचत होती. मध्येच येऊन आईला घट्ट मिठी मारायची आणि पुन्हा पळायची. दुपारी बाबा आले, तशी ती नवं दप्तर पाठीला लावून धडाधड जिना उतरली.

ते दाराशीच घुटमळले. हातातली ठकूच्या कपड्यांची बॅग त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

"आजवर दर शनिवारी तू तिला पुलापलीकडे माझ्या घरी आणून सोडायचीस," ते म्हणाले. "आता मी तुझ्या घरी आणून सोडत जाईन."