घंटेवरचं गाव

चर्चच्या घंटेवर कोरलेलं आपल्या अमेरिकेतल्या गावाचं नाव तिथून आलेल्या बाईंनी बोटांनी चाचपलं.

"घंटा परत न्यायला आल्या की काय?" रत्नाकरमामा पुटपुटले.

"गप्प बसा हो, मामा," कृपा म्हणाली. पाळकांची ही मुलगी आज दुभाषी होती. पाळक म्हणून दीक्षा घेऊन तिला दोन वर्षं झाली. पण बाईमाणूस एकाही चर्चच्या मंडळीला नको होतं.

बाई बोलत गेल्या, कृपा सांगत गेली. "शंभर वर्षांपूर्वी यांच्या चर्चने आपल्याकडे ही घंटा आणि पाळक पाठवला. आता तिथे अकराच जण उरलेत. पाळक मिळत नाही. विचारतात, तुमच्यातला एखादा द्याल का?"

कृपाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाईंनी तिचा हात धरला.

"काय विचारलंस गं?" मामांनी विचारलं.

"बाईमाणूस चालेल का, ते."

तिची आई मागून म्हणाली, "थंडी किती असते, तेही विचार."