मागची काच

बबनरावांनी पिकअप दुकानासमोर उभी केली, खाली उतरले आणि मागच्या चौकटीवर चिकटवलेला फ्लेक्सचा तुकडा स्वतःच ओढून काढला.

"अजिंक्यनं काच सांगितलीय ना तुझ्याकडं? बसव."

रियाज हातातलं काम ठेवून उठला. काच कधीची तयार होती. भोसरीहून मापात कापून आणलेली, दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेली. पण घेऊन जा म्हणून फोन करायचा तरी कुणाला? बबनरावांचा मुलगा अजिंक्य उन्हाळ्यात गेला. चाकणहून शिफ्ट संपवून येताना, मोशीजवळ, ट्रेलरखाली. स्मशानात रियाज सगळ्यांच्या मागे उभा होता. बबनरावांनी तेव्हा कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

"तयार आहे, आबा. बसा, चहा सांगतो."

"चहा नगं."

गाडी बबनरावांच्या तरुणपणातली. रहाटणीतल्या त्यांच्या शेतातली मेथी-कोथिंबीर तिच्यातूनच पिंपरीच्या मंडईत जायची. शेतावर इमारती आल्या, तशी ती गोठ्यात पडून गंजली. अजिंक्यने ती बाहेर काढली. दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, तो दिवसभर तिच्याखाली पडलेला असायचा. इंजिन झालं, रंग झाला. मागची काच तेवढी राहिली.

रियाज काचेच्या कडेला रबर चढवू लागला.

"रबर जुन्या गाडीचंच हाय ना?" बबनरावांनी विचारलं. "अजिंक्य म्हणतो, नवं बसत न्हाई नीट."

"जुन्याच गाडीचं आहे. कुदळवाडीच्या भंगारात सापडलं. भाऊ मला नेहमी म्हणायचे..."

बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. रियाज थांबला.

"म्हणतात," तो म्हणाला.

बबनरावांनी मान हलवली आणि नजर गाडीकडे वळवली. "ही म्हणती, गाडी डोळ्यापुढं नगं, इकून टाका. रडती निसती. म्हणलं, इकू. पर आधी काच बसू दे. त्याचं काम अर्धं कशाला ठिवायचं?"

रबराच्या खाचेत रियाजने दोरी भरली, वरून साबणाचं पाणी फिरवलं. हाताखालचा शादाब सासरवाडीला गेला होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"आबा, आत बसून दोरी ओढावी लागेल. मी बाहेरून काच दाबून धरतो. तुम्ही हळूहळू ओढायची, दोरी येईल तसं रबर पत्र्यावर चढत जाईल. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

बबनराव आत गेले आणि सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसले. रियाज काच घेऊन मागच्या हौद्यात चढला आणि त्याने ती चौकटीला लावली. दोघांचे चेहरे समोरासमोर आले, मध्ये फक्त काच. बबनराव दोरी ओढू लागले. रबराची कड चरचरत पत्र्यावर चढू लागली. खालची बाजू झाली. एक बाजू झाली. वरची झाली. त्यांचा हात घाई करत नव्हता आणि अडतही नव्हता.

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या कोपऱ्याशी मात्र हात थांबला.

"काय झालं, आबा? अडकली का?"

"न्हाई." फटीतून आवाज आला. "हितं बोट उमटलंय."

रियाजने काचेतून वाकून पाहिलं. रबराखाली झाकली जाणारी म्हणून त्या कडेला वरचा रंग मारलेला नव्हता, नुसतं लाल प्राइमर होतं. ते ओलं असताना कुणाचा तरी अंगठा तिथे टेकला होता. अंगठ्याच्या रेघा साफ दिसत होत्या. त्या गाडीला अजिंक्यशिवाय कुणी हात लावला नव्हता.

"रबर चढलं की ह्ये झाकणार?"

"हो."

"मंग दिसणार न्हाई."

"काच काढली तरच."

बबनरावांनी आपला हात शर्टाला पुसला. अंगठा त्या ठशाजवळ नेला, पण टेकवला नाही. रियाजचे दंड भरून आले होते, तरी त्याने काच हलू दिली नाही.

"आबा, हवं तर काढून ठेवू. काही घाई नाही."

"त्याला आवडायचं न्हाई," बबनराव म्हणाले. "हाती घेतलेलं काम तो कंदी अर्धं टाकत न्हवता."

न्हवता. शब्द तोंडातून निघून गेला होता. तो त्यांनाही ऐकू आला. मग त्यांनी दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली. रबर कोपऱ्यावर चढलं, दोरी सुटून त्यांच्या हातात आली.

"झालं, आबा. या बाहेर."

ते आले नाहीत. सीटवर सरळ झाले, पुढे तोंड करून बसले. आपल्या दाराची काच त्यांनी हँडल फिरवून वर घेतली. मग वाकून पलीकडच्या दाराचीही. रियाजला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. आधी खांदे हलले, मग सगळी पाठ. स्टेअरिंगवर डोकं टेकलं. बाहेर कसलाच आवाज येत नव्हता.

एक टेम्पोवाला आरसा बदलायला आला होता. आत कोण आहे ते पाहायला तो पिकअपच्या हौद्यापाशी येऊन मागच्या काचेतून डोकावू लागला. रियाज सरकून त्याच्या आडवा झाला आणि दोन्ही तळवे पुन्हा काचेवर टेकवून उभा राहिला.

"बसली की राव काच," टेम्पोवाला म्हणाला. "अजून काय दाबतो?"

"वेळ लागतो, भाऊ," रियाज म्हणाला. "तुम्ही तोवर चहा घेऊन या."