नाक्यावरची पेज

तालातो नाक्यावर पोचली तेव्हा डोक्यावरच्या पातेल्यातली बाजरीची पेज अजून वाफाळत होती. ढवळून वाढायला म्हणून तिनं हातात लाकडी डाव घेतला होता. पलीकडच्या सूतिकागृहात तिची लेक आसेता पहाटे बाळंत झाली होती. कालपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मध्ये दोन शिपाई बंदुका घेऊन उभे होते. जनरलसाहेबांनी सरकार ताब्यात घेतलं तेव्हापासून बुर्किना फासोच्या राजधानीतला, वागादुगूतला हा रस्ता बंदच होता.

"मावशी, मागं फिरा," धाकटा शिपाई म्हणाला. "सरकारचा हुकूम आहे."

"कुठल्या सरकारचा? गेल्या आठवड्यातल्या, की आत्ताच्या?"

थोरला शिपाई खाकरला आणि दुसरीकडे बघू लागला. धाकट्यानं बंदूक आडवी धरली. तालातोचं पातेलं डगमगलं. ते सावरायला तिनं दोन्ही हात वर नेले, तसा डावही वर गेला.

शिपाई झटकन मागं सरला.

बाईनं पुरुषावर डाव उगारला की त्याची मर्दानगी संपली, असं तिथं सगळेच मानतात. तालातोनं तो आजवर कुणावर उगारला नव्हता, नवऱ्यावरसुद्धा नाही. शिपायाचा पडलेला चेहरा बघून, आपण काय करून बसलो ते तिला उमगलं. पण हात काही खाली आला नाही.

"तो खाली घ्या ना, मावशी," तो हळूच म्हणाला. "माझं लग्न ठरलंय."

"कधी आहे?"

"डिसेंबरात."

"मग जाऊ दे मला. लेक उपाशी आहे माझी."

"सोड रे त्यांना," थोरला म्हणाला. "तुझ्या बायकोची समजूत घालायला जनरलसाहेब येणार आहेत का?"

आसेता दोन वाडगे पेज प्यायली आणि गाढ झोपली. तालातो कितीतरी वेळ नात मांडीवर घेऊन बसली.

परतताना पातेल्याच्या तळाशी राहिलेली पेज तिनं धाकट्या शिपायाच्या पेल्यात ओतली. तो उभ्याउभ्याच प्यायला.

"काय झालं, मावशी?"

"मुलगी."

"नाव काय ठेवलं?"

"अजून कुठलं? तिचा बाप म्हणतो, देश ठिकाणावर आला की ठेवू."

शिपायानं इकडंतिकडं पाहिलं. ओठ पुसले आणि आवाज खाली आणला.

"मग बारशाच्या तयारीला लागा, मावशी. याच आठवड्यात."